एसएसएच की बनवली म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला?

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत. तिची की म्हणजे खासगी आणि पब्लिक अशा दोन फाइलींची जोडी, आणि पासफ्रेज म्हणजे खासगी कीवरचं कुलूप.

"एसएसएच की बनवा, पासफ्रेज विचारला की नुसतं एंटर दाबा, तीच की सगळीकडे वापरा. होस्ट की बदलल्याचा इशारा आला तर नोन होस्ट्समधली ओळ उडवा. झाला सर्व्हर सुरक्षित!" हा सल्ला जिकडेतिकडे फिरतोय. (होस्ट की म्हणजे सर्व्हरची स्वतःची ओळख, आणि नोन होस्ट्स म्हणजे ओळखीच्या सर्व्हरच्या होस्ट की नोंदवणारी आपल्या मशीनवरची फाइल.) त्यातलं 'की वापरा' एवढंच मला मान्य आहे. खासगी की आपल्या मशीनवरच राहते, सर्व्हरकडे फक्त तिने केलेली सही जाते, म्हणून ती पासवर्डपेक्षा सरस.

पण सर्व्हर सुरक्षित झाला, हे खोटं. पब्लिक की सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये (कोणत्या की चालतील त्यांची यादी) टाकल्याने नवं दार उघडतं, जुनं बंद होत नाही. पासवर्डऑथेंटिकेशन ही सर्व्हरची सेटिंग 'नो' करेपर्यंत पासवर्डचे अंदाज बांधणाऱ्या बॉटना आत शिरायची संधी राहतेच. 'नो' करूनही कित्येकजण फसतात, कारण एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएच चालवणारा प्रोग्राम) एखाद्या सेटिंगची जी किंमत आधी वाचतो तीच धरतो. उबुंटू लिनक्सच्या क्लाउड इमेजमध्ये (क्लाउड सर्व्हरसाठीची तयार प्रत) क्लाउड-इनिट या पहिली मांडणी करणाऱ्या प्रोग्रामची छोटी फाइल मुख्य सेटिंग फाइलच्या आधी वाचली जाते. तिथे 'येस' असेल तर तुमचा 'नो' वाया. 'एसएसएचडी -टी' (कॅपिटल टी) चालवा, खरोखर काय लागू आहे ते दिसेल. आणि चालू सेशन तसंच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून कीने लॉगिन होतंय का ते आधी बघा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

पासफ्रेज रिकामा ठेवला की फाइल ज्याच्या हाती, सर्व्हर त्याचा. बॅकअपमधली प्रतही चालते. रोज टाइप करायचा कंटाळा असेल तर एसएसएच-एजंट आहे, एकदा सांगितलं की पुरतं. क्रॉनसारख्या, ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला पासफ्रेज देता येत नाही, हे खरं. तिथे वेगळी की करा आणि ऑथराइज्ड कीजमध्ये ती एकाच कमांडपुरती बांधून टाका.

एकच की सगळ्या मशीनवर कॉपी करू नका. दर मशीनची आपली की असेल तर लॅपटॉप हरवल्यावर फक्त त्याचीच ओळ काढायची.

सगळ्यात घातक आहे तो शेवटचा सल्ला, इशारा आला की ओळ उडवा हा. मार्च २०२३मध्ये गिटहब या कोड साठवायच्या साइटची आरएसए प्रकारची खासगी होस्ट की चुकून सार्वजनिक रेपॉझिटरीत उघडी पडली आणि त्यांनी ती बदलली. तेव्हा तो इशारा अनेकांना दिसला, आणि कारण खरंच निरुपद्रवी होतं. पण मधे कुणी तोतया सर्व्हर उभा केला, तरी हुबेहूब हाच इशारा येतो. म्हणून ओळ उडवण्याआधी नव्या कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) गिटहबने जाहीर केलेल्या फिंगरप्रिंटशी ताडून पाहा. सर्व्हर आपला असेल तर होस्टिंगच्या कन्सोलमधून आत जाऊन फिंगरप्रिंट पाहा.