‘६० टक्के’ म्हणजे ४० टक्के निकामी नव्हे

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘इकोत ईएफ ६० आला म्हणजे हृदय ४० टक्के गेलं. खाली ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन लिहिलं असेल तर हार्ट फेल, लगेच अँजिओप्लास्टी करा.’ आमच्या नव्या पेठेतल्या काकूंनी तर दोन दिवस जेवण सोडलं होतं.

दोन्ही गोष्टी चूक. ईएफ म्हणजे एका ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा त्यातल्या किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते. शंभर टक्के कुणाचाच रिकामा होत नाही. ५५ ते ७० नेहमीचंच. डायस्टोलिकचा प्रश्न वेगळा: ठोक्यानंतर कप्पा सैल पडून भरतो कसा? वय, बीपी, शुगर, वजन यांनी तो ताठर होतो. ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य ताठरपणा, साठीनंतर कितीतरी जणांच्या रिपोर्टात असतो. अँजिओप्लास्टी तुंबलेली रक्तवाहिनी उघडते, ताठरपणा नाही.

मात्र ‘ईएफ चांगला, मग काळजी नको’ हेही खरं नाही. जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, तर ईएफ ६० असूनही, ताठर कप्पा नीट भरत नसल्याने, हार्ट फेल्युअर (हृदय शरीराच्या गरजेला कमी पडणं) असू शकतं. अशांसाठी बरीच वर्षं ठोस औषध नव्हतं. २०२१ मध्ये ५,९८८ रुग्णांवरच्या एम्पेरर-प्रिझर्व्ह्ड चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या शुगरच्या गोळीने, मुख्यतः हॉस्पिटलात भरती व्हायचं प्रमाण कमी केलं. मृत्यू मात्र फारसे घटले नाहीत. गोळी डॉक्टरांना विचारूनच.

काकूंचं बीपी १६० निघालं. शेंगा चटणीतलं मीठ आता निम्मं झालंय.