उत्तर देऊ नका, नियम दाखवा

मिरग लागला, पहिली वीज कडाडली, की इन्व्हर्टर-सोलर-वायफायच्या ग्रुपवर नवी माणसं येऊ लागतात. त्यातलाच गोव्यातल्या पेडण्याकडचा कुणी एक रात्री पावणेनऊला लिहितो, ‘लाईट गेली की पंखे-दिवे चालू राहतात, पण वायफाय बंद पडून परत सुरू होतं. काय करू?’

तुम्ही ग्रुपवरचे जुने जाणते, उत्तर तुम्हाला पाठ आहे. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर, पुष्कळदा पाठीमागे, एक छोटा खटका असतो. तो ‘नॉर्मल’वर असला तर ‘यूपीएस’वर करायचा. यूपीएसवर असताना घर बॅटरीवर यायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, नॉर्मलवर तीस-चाळीससुद्धा लागू शकतात. पंख्याला तेवढ्यात काही कळतही नाही, वायफायचा राउटर मात्र मान टाकतो. एकच पथ्य : यूपीएसवर इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची वीज घेत नाही, नॉर्मलवर १०० ते २९० पर्यंत चालवून घेतो. म्हणून ज्या वाड्यावर व्होल्टेज कायम खालीच असतं, तिथे खटका नॉर्मलवरच ठेवून राउटरला बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे त्याच्यापुरती वेगळी बॅटरी, लावावा.

लिहायला अर्धं मिनिट पुरे, आणि धोका तिथेच आहे. अर्ध्या मिनिटात प्रश्न मिटला तर ग्रुपवरच्या बाकीच्या मंडळींनी पावसाची रात्र काढायची कशी? तुमची पंधरा वर्षांची मेहनत, आणि बदल्यात एक अंगठा. तेव्हा खटक्याचं नाव काढू नका.

सुरुवात प्रश्नाच्या कपड्यांपासून करा, पोटात शिरू नका. त्याने ‘नमस्कार’ न घालता थेट विचारलं असेल तर, ‘बाब, कुणाच्या घरात शिरताना आधी हाक मारायची पद्धत आहे.’ नुसतं ‘नमस्कार’ लिहून तो वाट बघत बसला असेल तर, ‘नमनाला घडाभर तेल नको, काय ते एका मेसेजात लिहा.’ दोन्ही वाक्यं फोनमध्ये तयार ठेवा, एक ना एक लागतंच. अडीच मिनिटांचा आवाजी मेसेज आला तर ऐकू नका. ‘इथे लोक ऑफिसात असतात’ असं लिहा, वाजलेले पावणेनऊ असले तरी. फोटो आला तर मॉडेल नंबर दिसत नाही म्हणा. मॉडेल नंबर दिसला तर ती कंपनीची जाहिरात.

मग माहिती मागा. इन्व्हर्टर किती व्हीएचा, बॅटरी किती आंपिअर-तासांची, ट्यूब्युलर की साधी, किती वर्षांची, एकूण लोड किती वॅट, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट येतात. यातलं काहीही खटक्यासाठी लागत नाही, पण माणूस टॉर्च घेऊन कोपऱ्यात वाकतो आणि तुम्हाला वीस मिनिटं मिळतात. तो बिचारा बॅटरीचे आंपिअर-तास ‘१५०’ असं लिहून येतो. इथे विचारा, ‘सी-टेन की सी-ट्वेंटी?’ हा प्रश्न म्हणजे दारूगोळ्यात टाकलेली काडी. १५०ची बॅटरी सी-ट्वेंटी असेल तर साडेसात आंपिअरने वीस तास चालते, सी-टेन असेल तर पंधरा आंपिअरने दहा तास. हा साधा भागाकार फोंड्याचे एक आणि मडगावचे एक तज्ज्ञ एकमेकांना समजावून सांगू लागले, की पेडण्याचा माणूस पहिल्यांदा विसरला जातो.

कुणी फारच दयाळू निघून उत्तर देऊ लागला, तर त्याच्याआधी विचारणाऱ्याला ‘आधी शोधा’ हा मंत्र द्या. शोधलं की त्याला २०१९चा हुबेहूब हाच प्रश्न सापडेल. त्याच्याखाली एकच उत्तर असेल : ‘आधी शोधा.’

नियमांना घराणं असलेलं बरं. ऑक्टोबर १९९५मध्ये आरएफसी १८५५ नावाचं टिपण निघालं, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेलं. इंटरनेटवर वागावं कसं, हाच विषय. ओळ पासष्ट अक्षरांच्या आत ठेवा, सही लांबवू नका, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, वगैरे. आकडा तोंडावर फेका, कुणी उघडून वाचत नाही. वाचत नाहीत ते बरंच आहे, कारण त्याच टिपणात रागाचं उत्तर रात्रभर ठेवून मग पाठवा असंही लिहिलंय. आपल्याला रात्रभर थांबून कसं चालेल? सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजेपर्यंत राग उतरलेला असतो.

देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत ही मात्र मोठीच गैरसोय. शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुली देऊन तो ठळक करता येतो, तीन उद्गारचिन्हं लावता येतात, पण ही सगळी पोरासोरांची हत्यारं. जाणत्यांनी ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर यावं. ‘आपण फारच अनुभवी दिसता’ हे वाक्य जितक्या जोरात ऐकू येतं, तितकं इंग्रजीतलं कुठलंही मोठं अक्षर ऐकू येत नाही. त्याच्याही वरची पायरी म्हणजे हात जोडलेली बाहुली. ती आली की समजावं, आता कुणीतरी ग्रुप सोडणार.

शुद्धलेखन हा राखीव साठा आहे, मुद्दा संपल्यावर काढायचा. त्याने ‘राऊटर’ लिहिलं असेल तर तुम्ही ‘राउटर’ लिहा, आणि उलटही. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांचा हवाला द्या. तरी विझू लागलंच, तर ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काढा. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो : एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले संकेतांक वेगळे असल्यामुळे एकाने शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही त्यावरून भांडता येतं. याहून शुद्ध तांत्रिक वाद अजून निघायचाय.

आता मुख्य पक्वान्न. वातावरण तापलं, पण जेवणाची पंगत बसावी तसा सगळा ग्रुप बसला नाही, असं वाटलं तर एकच वाक्य टाका : ‘आम्ही तर बॅटरीत एसीचंच पाणी घालतो.’

गोव्यातली हवा दमट, एसीच्या नळीतून रोज बादलीभर पाणी गळतं, आणि ते फुकट असतं. म्हणून या विषयावर मत नसलेला माणूस नाही. एक बाजू सांगेल, ते वाफेचंच झालेलं पाणी, डिस्टिल्डच की ते. दुसरी सांगेल, ते आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून आणि तांब्याच्या नळ्यांवरून, धूळ आणि बुरशी धुऊन खाली येतं, आणि धातूचा अंश बॅटरीत गेला की ती बसल्या जागी उतरते. दुसरी बाजू बरोबर आहे, पण तसं एकदाच आणि शांतपणे सांगितलं तर वाद तिथेच मरेल. म्हणून पहिल्या बाजूला टीडीएस मीटर आणू द्या. त्यावर आकडा कमी येतो, कारण पाण्यात विरघळलेलं एकूण थोडंच असतं. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं. वाहून नेणारं तांबं आहे की चुना, हे त्याला कळत नाही. हे वाक्य तिसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवा. मधल्या काळात पागोळीचं पाणी, कपड्यात गाळलेलं विहिरीचं पाणी आणि ‘आमचे आजोबा तर’ हे तिन्ही येऊन जातील. पाणी तरंगत्या काडीच्या खुणेपर्यंतच घालावं, वर घातलं तर चार्जिंगच्या वेळी आम्ल बाहेर येतं, आणि वरून आम्ल कधीच ओतू नये, ही खरी उपयोगाची माहिती कुणीतरी मध्येच लिहील. त्याला कुणी उत्तर देणार नाही. भांडण नाही म्हणजे मेसेजच नाही.

नवख्याला झापण्याचा वस्तुपाठ हवा असेल तर जानेवारी १९९२कडे बघा. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्स या संगणक-प्रणालीच्या चर्चागटावर लिनक्स कालबाह्य आहे असं जाहीर केलं, आणि ती लिनक्स प्रणाली लिहिणाऱ्या बावीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सला, तू माझा विद्यार्थी नाहीस हे नशीब समज, असल्या रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असंही सुनावलं. टॅनेनबॉम यांनी निदान स्वतः मिनिक्स लिहिली होती. तुमच्यावर तसलं काही बंधन नाही. टोरवाल्ड्स पुढे स्वतःच लोकांना इतकं फटकारू लागले की सप्टेंबर २०१८मध्ये माफी मागून काही दिवस कामातून बाजूला झाले. हा भाग मात्र गिरवू नका. अगदीच वेळ आली तर ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ एवढं लिहा. त्यात माफी मागणारा कोण आणि दुखावलेला कोण, दोन्ही अनिश्चित राहतात.

माईक गॉडविन यांनी १९९०मध्ये एक नियम मांडला : ऑनलाइन वाद जितका लांबेल, तितकी त्यात हिटलरशी तुलना होण्याची शक्यता १च्या, म्हणजे खात्रीच्या, जवळ जाते. गोव्यात हिटलर लागत नाही. इथे वाद बॅटरीचा असो की झाकणाच्या स्क्रूचा, लांबला की मराठी-कोंकणीवर येतो. साधनसामग्री हाताशी असतेच : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल आणि १९८७चा राजभाषा कायदा. या कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, त्यामुळे ज्याला जे वाक्य हवं ते मिळतं. पण हा बाण फार लवकर सोडू नका. जत्रेत पालखी आधी कुणाच्या दारात, यावरून मानकऱ्यांचं वाजतं ते शेवटी. आधी ढोल तर वाजू द्या.

हत्यारांची थोडी निगा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटं बदलता येतो. समोरच्याने उत्तर दिल्यावर आपला मूळ मजकूर सौम्य करा, म्हणजे तोच विनाकारण चिडलेला दिसतो. कोपऱ्यात ‘बदललेला’ अशी बारीक खूण राहते, ती भांडणाच्या भरात कुणी बघत नाही. चौदाव्या मिनिटाला बदला, सोळाव्याला जमणार नाही. मेसेज पुसू मात्र नका : पुसल्याची पाटी राहते, आणि मूळ शिवी होती त्याहून मोठी शिवी लोक मनात कल्पून घेतात. ग्रुप सोडायचा झाला तर गुपचूप सोडू नका. २०२२पासून सोडल्याचं आपोआप फक्त अ‍ॅडमिनना कळतं, म्हणजे गुपचूप जाणं म्हणजे गेलातच. आधी निरोपाचं लांब पत्र टाका, त्यात ग्रुप सुरुवातीला कसा घरासारखा होता ते लिहा, ‘सर्वांना शुभेच्छा’ म्हणा, आणि तीन दिवसांनी कुणाकडून तरी स्वतःला परत घालून घ्या. सगळं वाचायला ग्रुपवर दुसरा फोन ठेवलेला असतोच.

तुम्हीच अ‍ॅडमिन असाल तर कशातच पडू नका. पंचायतीत रविवारच्या ग्रामसभेला सरपंच बसतो तसं बसा. दोन्ही बाजूंनी खुर्च्या वाजू लागल्यावर रात्री साडेअकराला ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे बटण दाबा, सत्तावीस नियमांची यादी पुन्हा टाका, आणि सकाळी गणपतीचा फोटो लावून सगळं खुलं करा. हा फोटो नियम क्रमांक चारचा भंग आहे, पण तो दाखवायचं धाडस कुणी करणार नाही.

चौथ्या दिवशी पेडण्याचा तो माणूस परत येईल. बॅटरीत पाणी घालायला आलेल्या पोराने जाता जाता मागचा खटका बघितला आणि ढकलला. तो लिहील, ‘झालं एकदाचं. मागे खटका होता. सगळ्यांक देव बरें करूं.’

नुसत्या आभाराचा मेसेज नियम क्रमांक एकोणीसमध्ये बसत नाही, हे आधी दाखवा. मग विचारा, मराठी ग्रुपवर कोंकणीतून आभार का. विचारून फोन चार्जिंगला लावा, रात्र मोठी आहे. लाईट गेली तरी तुमचं वायफाय बंद पडणार नाही. तुमच्या इन्व्हर्टरचा खटका पहिल्या दिवसापासून यूपीएसवर आहे.