आण्णांच्या फोनवर पाच ओळी मावतात

एप्रिलमधली गोष्ट. दोन एकर उन्हाळ कांदा उपटून शेतातच पातीखाली झाकून ठेवलेला. दुपारी आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोनवर मेसेज वाजला. ज्या शेती-हवामान सल्ल्याच्या सेवेत आम्ही त्यांचं नाव नोंदवलंय, तिचा. त्यांनी चष्मा लावला, मेसेज उघडला आणि पडद्यावर दिसलं ते एवढंच: "प्रिय शेतकरी बंधूंनो, सप्रेम नमस्कार. आपल्या जिल्ह्यासाठी हवामान आधारित..." पडदा संपला. खालचं बटण दाबत दाबत ते पुढे गेले, तर आधी पाठवणाऱ्यांचं लांबलचक नाव, मग सल्ल्याचा क्रमांक, मग एक इंग्रजी लिंक, आणि शेवटी "अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा". कुठे क्लिक करा? बटणांचा फोन आहे तो! आण्णांनी फोन खिशात टाकला आणि गाईला पाणी दाखवायला गेले. दुसऱ्या दिवशी साडेतीनला गारा पडल्या.

त्या लिंकमागे काय होतं, ते मी नाशिकला लॅपटॉपवर उघडून बघितलं. पाच पानांची पीडीएफ. चौथ्या पानावर, उसाच्या आणि मक्याच्या खाली, लिहिलं होतं की तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता आहे, काढणी झालेला कांदा सुरक्षित जागी हलवावा किंवा झाकावा. वाचून डोक्यात तिडीक गेली. अंदाज बरोबर होता. एक दिवस आधी दिलेला होता. आण्णांच्या हातातल्या फोनपर्यंत तो येऊन पोचला होता! फक्त त्यांना वाचता येईल अशा जागी नव्हता. ताडपत्री घरात होती, माणसं होती, सगळी संध्याकाळ हातात होती.

भिजलेला कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, सडतो. मिळेल त्या भावात द्यावा लागला.

आता मला कुणी पडदा लहान आहे म्हणून सांगू नका. लहान आहेच. पावणेदोन इंचांचा पडदा, १२८ बाय १६० पिक्सेल, देवनागरीच्या पाच ओळी, फार तर सहा. मग पाच ओळींत मावेल असं लिहा ना! एका एसएमएसमध्ये १४० बाइट्स मावतात. साध्या इंग्रजीत त्यात १६० अक्षरं बसतात, पण मराठीचं एकही अक्षर आलं की सगळा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या अक्षरपद्धतीत, जातो आणि मर्यादा ७० वर येते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. त्यात घुसवलेल्या इंग्रजी लिंकचं प्रत्येक अक्षरही मग तेवढीच जागा खातं. मेसेज ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात.

मी बसून मोजलं. "प्रिय शेतकरी बंधूंनो, सप्रेम नमस्कार." याला ३७ लागतात. सत्तरातले सदतीस नमस्कारात! आता हे मोजा: "उद्या दुपारनंतर निफाड भागात गारपीट शक्य. काढलेला कांदा झाका." साठ. वर दहा उरतात. एवढं एक वाक्य त्या दुपारी आलं असतं, तर आण्णा गाईकडे नाही, ताडपत्रीकडे गेले असते. आम्हाला तुमचा नमस्कार नको आहे. आम्हाला गार कधी पडणार ते पाहिजे.

आणि ही सेवा म्हणे "आपल्या गरजेनुसार माहिती" देते! नाव नोंदवताना यांनी काय विचारलं नव्हतं? तालुका विचारला, गाव विचारलं, पिकं कोणती, क्षेत्र किती, द्राक्षाची छाटणी कधी, कांद्याची लागवड कधी. मी स्वतः भरून दिलंय ते सगळं, आण्णांच्या शेजारी बसून, पाऊण तास. आण्णा एकेक तारीख आठवून सांगत होते. त्याचं केलं काय? पुढच्याच महिन्यात मेसेज आला कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा. आमच्या शिवारात कपाशीचं एक झाड नाही. मग तुरीचा आला, मग भाताचा. जो फॉर्म भरून घेतला तो मेसेज पाठवताना कुणी उघडतच नसेल, तर आमचा पाऊण तास कशाला घेतला? असे दहा बिनकामाचे मेसेज आले की माणूस अकरावा उघडत नाही, आणि गारांचा नेमका अकरावा असतो.

मदतकेंद्राला फोन केला. पलीकडची मुलगी चांगल्या शब्दांत बोलली, तिच्यावर माझा राग नाही. ती म्हणाली, मेसेजचं टेम्प्लेट मंजूर झालेलं आहे, ते बदलता येत नाही. बरं, मग मंजूर करायला पाठवताना त्यात नमस्कार कुणी घातला? पुढे म्हणाली, "सर, वडिलांना स्मार्टफोन घेऊन द्या ना, आपलं ॲप आहे." इथे मात्र माझा आवाज चढला. दिला होता स्मार्टफोन. दोन वर्षं कपाटात पडून आहे. आण्णांची बोटं कुदळीने घट्टे पडलेली, काच त्यांचा स्पर्श धड ओळखत नाही. उन्हात पडदा दिसत नाही. फवारणीच्या ओल्या हाताने तो उचलता येत नाही. रात्रीची लाइट असली की मोटर चालू करायला जायचं, तेव्हा खिशात चार-चार दिवस चार्ज टिकणारा फोनच लागतो, ज्याच्या डोक्यावर टॉर्च आहे. त्यांनी विचार करून निवडलाय तो. तुमच्या ॲपसाठी ते तो का सोडतील?

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांचं तरी काय भलं होतंय? माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवर तीच पीडीएफ उघडून बघितली. ए-फोर आकाराचं पान, जुन्या फाँटात टाइप केलेलं, छापून, सही-शिक्का मारून पुन्हा स्कॅन केलेलं. स्कॅन असल्यामुळे त्यात "कांदा" शोधता येत नाही. अक्षर वाचायचं तर दोन बोटांनी ताणून मोठं करायचं, मग ओळ उजवीकडे पळते, तिच्यामागे पान सरकवायचं, ओळ संपली की पुन्हा डावीकडे यायचं, तोवर कुठली ओळ होती तेच हरवतं. हवामानाच्या तक्त्यात तर तारखा वरच्या रांगेत आणि पाऊस खाली. आकडा दिसेल इतका मोठा केला की तारीख पडद्याबाहेर जाते. ३४ हा आकडा दिसतोय, पण तो कोणत्या वाराचा? आणि तापमान की आर्द्रता? भावाने दोन मिनिटं झटापट केली आणि फोन ठेवून दिला. त्याची चूक नाही ती.

ही नवी अडचण असती तर मी गप्प बसलो असतो. लहान पडद्यावर काय आणि कसं द्यायचं हे पंचवीस वर्षांपूर्वी ठरवून झालंय! १९९८ मध्ये वॅप, म्हणजे साध्या फोनवरचं तेव्हाचं इंटरनेट आलं, तेव्हाच त्यात लांब पानाऐवजी खेळातल्या पत्त्यांसारखी छोटी कार्डं होती. एका पडद्यावर एक कार्ड, पुढचं पाहिजे तर बटण दाबा. २००८ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मोबाइलसाठीच्या शिफारशी काढल्या, त्यात १२० पिक्सेल रुंदीचा पडदा आणि चित्रांसकट २० केबीचं पान धरून चला असं स्पष्ट लिहिलंय. माझ्यासमोरची पीडीएफ साडेचार एमबीची आहे. सव्वादोनशे पट! आणि लांब कशाला जायचं? २००७ मध्ये याच महाराष्ट्रात रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा सुरू झाली होती. शेतकऱ्याने आपलं पीक आणि आपले बाजार सांगायचे, त्याला तेवढेच भाव आणि त्याच्या भागाचं हवामान मराठीत यायचं, साध्या एसएमएसवर. २००९ मध्ये नोकियाने लाइफ टूल्स ही तशीच माहितीसेवा आणली, स्वस्तातल्या हँडसेटवर, चित्रांचा मेनू होता आणि इंटरनेट लागत नव्हतं, मागे एसएमएसच चालायचे. पैसे पडायचे, मान्य. पण जमलं होतं. तेव्हाचे फोन आण्णांच्या फोनसारखेच होते.

मग आज का जमत नाही? कारण मेसेज लिहिणाऱ्याने तो कधी बटणांच्या फोनवर उघडून बघितलेलाच नाही. मोठ्या मॉनिटरवर टाइप करायचा, पाठवायचा, आणि अहवालात लिहायचं की इतक्या शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचली. आण्णाही त्या आकड्यात मोजले गेले असणार. त्या दिवशी आण्णांपर्यंत माहिती पोचली, असं कुठल्या तरी कागदावर लिहिलेलं असेल. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. हजार-बाराशे रुपयांचा एक फोन टेबलावर ठेवा, पाठवण्याआधी त्याच्यावर बघा. एवढंही करवत नाही?

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला निघाला की मी ऑफिसात पाचही पानं वाचतो आणि आण्णांना सत्तर अक्षरांच्या आत मेसेज टाकतो. पहिला गेला तेव्हा त्यांचा लगेच फोन आला.

"हा तू लिहिला का?"

"हो आण्णा. वाचता आला का?"

"आला की. सगळा एकाच पडद्यावर आला. शेजारच्या तात्यांनाही टाकत जा."

तात्यांना टाकतो. त्यांच्या भावाला टाकतो. आता गल्लीतले नऊ जण झालेत, तिघांच्या बागा आहेत, त्यांना छाटणीप्रमाणे वेगळा लिहावा लागतो. हे काम माझं नाही. ज्यांचं आहे त्यांच्याकडे या नऊही जणांचे नंबर, गावं, पिकं आणि लागवडीच्या तारखा पडून आहेत.