हात कुठून घालायचा ते तरी सांगा!

या इंटिरियरवाल्यांना एकच विचारायचंय, फिशटँक साफ कोण करतं असं वाटतं यांना, मासे स्वतः? आमच्या फोंड्याच्या फ्लॅटमध्ये दादाने हॉल आणि किचनच्या मधे भिंतीसारखा टँक बसवून घेतला, दोन्ही बाजूंनी मासे दिसतात, येणारा प्रत्येक जण फोटो काढतो, सगळं मान्य. पण वर शोसाठी लॅमिनेटची फळी मारलीय आणि तिच्याखाली जेमतेम 4 इंच फट! टँक 2 फूट खोल. कोपर अडकतं हो तिथे! खाणं टाकता येतं, बास. काच घासायचं मॅग्नेट निसटून तळाला गेलं तर कपडे वाळत घालायच्या काठीला हुक बांधून उचलावं लागतं, आणि हे सगळं मी करतो कारण दादा ऑफिसला आणि वहिनी म्हणते मला वास येतो.

आणि 4 बाय दीड बाय 2 फूट म्हणजे किती होतं बघा, जवळजवळ 340 लिटर, म्हणजे नुसतं पाणीच 340 किलो, काच, वाळू, दगड वेगळे. खाली काय दिलंय? साध्या प्लायचं कपाट! गोव्याच्या पावसात कोरड्या प्लायला बुरशी येते, इथे तर रोज थेंब गळतायत, दार आत्ताच फुगलंय, लागत नाही.

किचनच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन थेट टँकवर, मग शेवाळ नाही तर काय मोगरा फुलणार? त्यात गोल्डफिश, ज्यांना थंड पाणी लागतं, आणि मे महिन्यात आमचं पाणी 32 डिग्री. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, वर जेमतेम फट, मग पावसाळ्यात लाईट गेली की फिल्टर बंद, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मी पुठ्ठ्याने वारा घालत उभा (हसू नका, खरंच). बॅटरीवाला एअर पंप आणला तर त्याची नळी सोडायलाही जागा धड नाही.

बसवला त्या दिवशी तो इंटिरियरवाला म्हणाला होता, "पात्रांव, टेन्शन नाही, पाणी भरा, संध्याकाळी मासे सोडा." अरे, नव्या टँकमध्ये माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये जमायला महिना सव्वा महिना जातो, हे दुकानातला पोरगापण सांगतो! पहिल्या आठवड्यात अर्धे मासे गेले आणि ते बाहेर काढायला परत तीच काठी.

आता दादाला मोबाईलवर सेंटर टेबलचा टँक दिसलाय, वर चहा खाली मासे. म्हणजे पाणी बदलायला आधी अख्खी काच उचलायची, दोन माणसं लावून, आणि कप आपटला की मासे दचकणार. मी स्पष्ट सांगितलं, आधी ती फळी काप. चवथीला पाहुणे यायच्या आत सुतार येतो म्हणाला होता, रविवारी वाट बघितली, आला नाही, आता फोनपण उचलत नाही.