काकांचा फॉरवर्ड आणि सॅन फ्रान्सिस्कोचं विमान

फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तो मेसेज टाकलाय. म्हणे सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी विमानं मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालतात नि जादा इंधन आपल्या तिकिटात लावतात, ध्रुवावरून तर विमान नेतच नाहीत, आणि पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणजे पश्चिमेला जाणारं विमान झटकन पोचायला पाहिजे. आई पुढच्या महिन्यात चाललीये बंगळुरूहून, ती उगाच टेन्शन घेऊन बसली म्हणून लिहितोय. काका, राग नका मानू.

आधी वळसा. भिंतीवरचा नकाशा सोडा, पोरांचा पृथ्वीगोल घ्या, शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक बंगळुरूवर दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणा. दोरा आपसूक सरकत ध्रुवाजवळ जातो, काल मी स्वतः करून बघितलं. आकडेमोडही सोपीये: बंगळुरू 13 अंश उत्तरेला, तिथनं ध्रुव 77 अंश, पलीकडे उतरलं की सॅन फ्रान्सिस्को अजून 52, झाले 129, एका अंशाला 111 किमी धरा, म्हणजे साधारण 14,300. आणि नकाशावर पट्टी ठेवून पश्चिमेकडे मारलेली सरळ रेघ? 20 हजाराच्या वर जाते! आता वळसा कुठला ते तुम्हीच सांगा.

ध्रुवाचं तर काय बोलायचं, जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान ध्रुवावरूनच आणलं होतं की.

पृथ्वी फिरण्याचा मुद्दा ऐकायला भारी वाटतो, पण तिच्याबरोबर हवा पण फिरते ना. डेक्कन क्वीनमध्ये बसून शेंगदाणा वर उडवला तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात नाही जात. फरक पाडतो तो वारा, नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलटं, पूर्वेला जाणारं विमान फायद्यात. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं, 15,300 किमी, म्हणजे चौदाशेक किमी जास्तच, तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण वारा पाठीशी. अंतर वाढलं नि वेळ कमी झाला, हे पटायला मलाही दोनदा वाचावं लागलं.

राहिली आईची शंका. "दुपारी दोनला निघून त्याच दिवशी साडेचारला पोचते, मग सोळा तास कसले?" अगं, साडेचार तिथले. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतात, आपल्याकडे तोवर दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सहा वाजलेले असतात. बीपीच्या गोळ्या मात्र भारतातल्या वेळेनं घ्यायच्या की तिथल्या, ते डॉक्टरांना विचार, ग्रुपवर नको.