किडनीतली सिस्ट आणि २१ दिवसांचा काढा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. किडनीत सिस्ट निघाली म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी, पण गोखरू-पुनर्नव्याचा काढा २१ दिवस घ्या, गाठ विरघळून लघवीवाटे जाते, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) नॉर्मल असेल तर बाकी टेस्ट नकोत, हा आजार आईकडून फक्त मुलींना येतो, आणि काढा नैसर्गिक म्हणून अपाय शून्य.

आधी कॅन्सरचं. पन्नाशीनंतर साधी सिस्ट सापडणं अगदी कॉमन आहे, लोक पोटदुखीसाठी सोनोग्राफीला जातात आणि रिपोर्टात तळाला 'सिंपल कॉर्टिकल सिस्ट' अशी एक ओळ येते. पातळ भिंत, आत नुसतं पाणी. बहुतेकांना हिच्यासाठी काढा लागत नाही की ऑपरेशन. सिस्ट संशयास्पद आहे का हे ठरवायला बॉस्नियाक नावाच्या न्यूयॉर्कच्या रेडिओलॉजिस्टने १९८६ मध्ये प्रकार पाडले, सुधारणा होत होत ते आजही वापरात आहेत. १ आणि २ सोडून द्यायच्या, '२ एफ'वर स्कॅन करून लक्ष ठेवायचं, ३ मधल्या जवळपास निम्म्या कॅन्सरच्या निघतात आणि ४ मधल्या बहुतेक सगळ्या. आता ४ नंबरवाल्याने काय २१ दिवस काढा उकळत बसायचं?

लघवीवाटे म्हणे! मुतखडा लघवीच्या रस्त्यातच असतो म्हणून छोटा असेल तर पडून जातो, सिस्ट ही बंद पिशवी, ती बाहेर येणार कुठून? मला तर वाटतं कुणीतरी मुतखड्याचीच जुनी पोस्ट उचलून नाव बदललंय. आणि खाली "४.२ सेंमीची ४ झाली" असे जे रिपोर्ट चिकटवलेत ना, तेवढा फरक मोजणारा बदलला तरी पडतो.

क्रिएटिनिनचा मुद्दा सगळ्यात घातक. किडनीचं निम्मं काम गेलं तरी तो आकडा नॉर्मल दिसू शकतो, आणि पॉलिसिस्टिकमध्ये, म्हणजे दोन्ही किडन्या सिस्टनी भरत जातात त्या आजारात, बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी बीपी वाढलेलं असतं, तेही ऐन तिशीत.

मुलींचं तर काहीच्या काही. मोठ्यांमधल्या नेहमीच्या पॉलिसिस्टिकचे मुख्य जीन १६ आणि ४ नंबरच्या क्रोमोझोमवर आहेत, मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या क्रोमोझोमवर नाहीत, त्यामुळे आई असो की वडील, मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता. घरात कुणाला असेल तर भावंडांनी बीपी तपासा, सोनोग्राफीचं डॉक्टरांना विचारा. टोलवॅप्टान नावाचं औषध आहे, पण तेही काही पेशंटमध्ये फक्त आजार वाढायचा वेग कमी करतं, आजार घालवत नाही, आणि लिव्हरच्या टेस्ट करत राहाव्या लागतात.

राहिलं नैसर्गिक. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या वनस्पतींच्या गोळ्यांमधून अ‍ॅरिस्टोलोकिया नावाची किडनीला विषारी वनस्पती पोटात गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. गोखरू म्हणजे ती नव्हे, मान्य. पण फॉरवर्डच्या तळाशी पुडी विकणाऱ्याचा नंबर आहेच, तर त्यालाच विचारा की आत नक्की काय काय घातलंय.