मोबाईल बघते म्हणून डोकं दुखतं म्हणे!

आज ओपीडीत ३३ आठवड्यांची पहिलटकरीण आली. तीन दिवस डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हे तिने नाही, सासूबाईंनी सांगितलं, तेही निदानासकट. "दिवसरात्र तो मोबाईल, दुसरं काय होणार?" उपचारही घरीच झाले होते. कपाळाला बाम, मोबाईल काढून घेतलेला आणि नवऱ्याने आणलेला निळा प्रकाश अडवणारा चष्मा. बीपी निघालं १५६/१०४. लघवीत प्रोटीन दोन प्लस. म्हणजे मोबाईल नाही, प्रीएक्लॅम्प्सिया, गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार.

माझं डोकं अजून तापलेलं आहे, सांभाळून घ्या.

अहो, मोबाईलने डोकं दुखतं, डोळे शिणतात, मान्य. पण वीस आठवड्यांनंतर न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, सकाळी उठल्यावर चेहऱ्यावर सूज, कालपर्यंत फिरणारी अंगठी आज अडकणं, यातलं एकही असलं तर त्याच दिवशी बीपी बघायचं. १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. १६०/११० म्हणजे थेट दवाखाना, वाटेत चष्म्याचं दुकान नाही.

घरी मशीन असेल तर नीट मोजा. आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. त्या पाच मिनिटांत बोलायचं नाही आणि हातात मोबाईलही नको. रील बघता बघता घेतलेलं बीपी कशाचं धरायचं?

आणि त्या 'किरणां'चं एकदाचं मिटवू. मोबाईलच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात. त्यांनी पोटातल्या बाळाला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. मोबाईलच्या पाठीवर चिकटवायची ती सोनेरी स्टिकरं घेण्यापेक्षा तेवढ्याची मोसंबी आणा.

मोबाईलचा खरा त्रास वेगळाच आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. डाव्या कुशीवर झोपून मनगट वाकवून तासभर फोन धरला की अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, मनगटातली नस आधीच दाबलेली असते, त्यात ही भर. मनगट सरळ ठेवा. रात्री मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो, तो बांधून झोपा.

दुसरा त्रास रिपोर्टचा. सोनोग्राफी होते दुपारी, आणि रात्री दोन वाजता एकेक इंग्रजी शब्द शोधणं सुरू. विसाव्या आठवड्याला 'वार (प्लॅसेंटा) खाली आहे' लिहिलेलं असतं, ती बहुतेकींची ३२ आठवड्यांपर्यंत वर सरकते. 'गळ्याभोवती नाळ' तर कितीतरी बाळांना असते आणि ती सुखरूप जन्मतात. हे दिवसा, डॉक्टरांसमोर विचारायचे प्रश्न आहेत. कागदावर लिहून न्या.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. स्क्रोल करताना बाळाची हालचाल लक्षातच येत नाही. २८ आठवड्यांनंतर रोज एकदा, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडायचं, फोन दुसऱ्या खोलीत. दहा हालचाली मोजायच्या. बहुतेकदा तासाभरात होतात. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा बाळ रोजच्यापेक्षा गप्प वाटलं, तर गूगल करायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. ठोके ऐकवणाऱ्या ॲपवर तर मुळीच विसंबू नका.

आता जरा शांत होऊन लिहिते. "टेन्शन घेऊ नकोस, बाळाला लागेल" हे वाक्य कृपा करून बंद करा. त्याने टेन्शन जात नाही, वर अपराधीपणा चढतो. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बाळापर्यंत पोचण्याआधीच वार त्यातलं बरंचसं निष्प्रभ करते. एखाद्या दिवशीची चिडचिड, रडू, भांडण याने बाळाचं काही बिघडत नाही. महिनोन् महिने चाललेला ताण वेगळा. त्याचा संबंध वेळेआधी प्रसूतीशी आणि कमी वजनाशी दिसतो, हेही खरं. म्हणून दोन आठवडे सलग मन उतरलेलं असेल, फोन बाजूला ठेवूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर पुढच्या तपासणीला तेही सांगा. त्याआधी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत.

परत त्या मुलीकडे. सासूबाई फॉर्म भरायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मी रविवारी शोधलं होतं. आठव्या महिन्यात डोळ्यांपुढे चमकणं. त्यात लिहिलं होतं, बीपी बघा." तिने नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, ते गूगलचं खूळ सोड. त्याच रात्री फोन काढून घेतला.

एवढी हुशार पोर. घरात तिचं ऐकणारं एक माणूस असतं तर तीन दिवस वाचले असते.

दाखल केलंय. बीपीची गोळी सुरू झाली, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनचा पहिला डोस गेला, उरलेले तीन बारा-बारा तासांनी. संध्याकाळी बीपी १४२/९० होतं. फोन उशाशी चार्जिंगला लावून दिलाय, आईशी बोलत होती. नवरा दारात घुटमळत होता. चष्म्याचे पैसे दुकानदार परत देईल का, विचारत होता.